सबनीसांच्या घरातली बटणं

यशवंतपूरच्या येसाजी वायरमनचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं होतं, की मूळ गाव विचारलं तर तो यशवंतपूरच सांगे. तीस वर्षं त्यानं लोकांच्या भिंतींत बटणं बसवली. ती काढायला बोलावणारे पहिले गृहस्थ म्हणजे मारतहळ्ळीचे मधुकर सबनीस.

सबनीस एका सरकारी कारखान्यात यंत्रं तपासायच्या खात्यात साहेब होते. निवृत्त झाल्यावर तपासायला घर तेवढं उरलं. त्यांनी भलाथोरला कॉम्प्युटर आणून आतल्या खोलीत मांडला आणि दिवे, पंखे, गीझर, पडदे सगळं त्याच्या ताब्यात दिलं. भिंतीवर बटणं असणं हे त्यांना मागासलेपणाचं वाटे. येसाजीनं ती काढून कोऱ्या पट्ट्या बसवल्या.

कॉम्प्युटर दर आठवड्याला स्वतःला अपडेट करून घेई. तेवढा वेळ घरातले पंखे मान टाकून उभे. दहा मिनिटं हालचाल दिसली नाही, की खोलीत कुणी नाही असं ठरवून तो दिवा घालवी. त्यामुळे सबनीसांच्या पत्नी वीणाताई पेपर वाचताना अधूनमधून हात हलवायला शिकल्या. सबनीस बिघाडांची रीतसर नोंदवही ठेवत. तिच्यात 'कारण' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'वीणा' असं लिहिलेलं असे.

सबनीस जुन्या सहकाऱ्यांच्या बैठकीला गेले होते त्या दिवशी वीणाताईंनी येसाजीला बोलावलं. त्यांना बटणं परत हवी होती, पण नवऱ्याच्या नजरेला न पडणारी. येसाजी घरभर फिरला आणि त्यानं विचारलं, "अक्का, सर कधीच उघडत नाहीत असं कपाट कुठलं?"

वीणाताईंना विचार करावा लागला नाही. स्वयंपाकघरातलं डाळींच्या डब्यांचं कपाट त्यांनी उघडून दिलं. येसाजीनं दोन फेऱ्यांत डब्यांमागे दिवे, पंखे, पडदे मिळून आठ बटणं बसवली. कॉम्प्युटरनं लावला तरी दिवा लागेल आणि बटणानं लावला तरी लागेल, अशी जोडणी केली. बटणांखाली वीणाताईंनी सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या.

त्या महिन्यात नोंदवही कोरी राहिली. सबनीसांनी हुरळून यशाची कारणं सांगणारा अकरा पानी अहवाल लिहिला आणि सोसायटीत वाटला. कॉम्प्युटर बंद असतानाही दिवे लागतात हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. यंत्र आता घराला सरावलंय, असं त्यांनी सातव्या पानावर नमूद केलं. अहवालाची एक प्रत येसाजीलाही मिळाली. ती वाचून त्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. माणूस विक्षिप्त होता, पण त्यानं येसाजीला कधी उभं ठेवून चहा दिला नव्हता.

मग वीणाताई चार दिवस बहिणीकडे बेळगावला गेल्या. दुसऱ्याच सकाळी सबनीसांचा फोन आला, ताबडतोब या. येसाजी पोचला तेव्हा कपाटाचं दार सताड उघडं होतं, डबे ओट्यावर होते आणि सबनीस चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठ्या वाचत होते. ते साखर शोधायला आले होते.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अक्कांनी," येसाजी म्हणाला. खोटं बोलायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

सबनीसांनी एकेक बटण दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी त्या त्या खोलीतल्या दिव्यानं, पंख्यानं किंवा पडद्यानं मुकाट्यानं ऐकलं. जोडणी निर्दोष असल्याचं त्यांनी सवयीनं सांगितलं. मग ते स्टुलावर बसले. "साखर कुठल्या डब्यात असते, हेसुद्धा मला ठाऊक नाही," ते म्हणाले. येसाजीनं डबा शोधून चहा केला. निघताना सबनीसांनी त्याला बजावलं, "मला कळलंय, हे तिला सांगू नका."

"सरी, सर," येसाजीनं कबूल केलं.

वीणाताई परतल्या आणि पुढच्या रविवारी सोसायटीचे सभासद घर बघायला जमले. वायरिंगची माहिती द्यायला येसाजीला बोलावलं होतं. कॉम्प्युटर नेमका स्वतःला अपडेट करून घेत होता. सबनीस त्याच्यासमोर ताठ बसले आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आता मी दिवाणखान्यातला दिवा लावतो." त्यांनी कळ दाबली. क्षणभरानं दिवा लागला. मग पंखा, मग पडदे. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. वीणाताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, तेव्हा सबनीसांनी उठून तो त्यांच्या हातातून घेतला. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत असावं, कारण वीणाताई तिथंच उभ्या राहिल्या.

तिघांनी आपल्याकडेही असंच हवं म्हणून नावं दिली. त्यातल्या विश्वासरावांनी येसाजीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हे खरोखर चालतं का.

येसाजीनं पोह्यांचा घास संपवला. "चालतं, सर," तो म्हणाला. "स्वल्प अट एवढीच, की घरात अक्का असायला हव्यात."

विश्वासरावांनी ते नीट वहीत टिपून घेतलं.