उत्तर नेहमी पाचच

जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी औषधांचे डोस काढायला शिकवते. मूळची साताऱ्याची, तोंडाने फटकळ. जयपुरात इतकी वर्षं काढली, तरी त्यात काडीचा फरक नाही. बारावी सायन्स झालेल्या पोरी, पण साठला चाराने भागा म्हटलं की मोबाइल चाचपायच्या. कप्पाळ माझं! शेवटी मीच सूत्र त्यांच्या हिंदीत बसवून दिलं: ‘चाहिए बटा है, गुणा एमएल’. द्यायचं तेवढं औषध भागिले बाटलीत असलेलं, गुणिले ते जितक्या मिलीत आहे तितके मिली. रोज तासाच्या आधी उभं राहून तीनदा म्हणायचं. आख्खा वर्ग घोकायचा आणि मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती. जी पास होईल ती सोमवारपासून मुलांच्या वॉर्डात, जी नापास तिचे सहा महिने गेले. प्रत्येकीसमोर पॅरासिटामॉलची बाटली आणि सिरिंज ठेवली. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम द्यायचं, तर किती मिली? शेवटच्या बाकावरच्या, बगरू गावच्या मुलीने हात वर केला. ती सूत्र म्हणताना नेहमी अडखळायची. मी खेकसले, “आता काय विचारायचंय? गप सूत्र लाव!” तिने हात खाली घेतला.

सगळ्यांचं उत्तर आलं ५. हिचं १.२. मी लाल रेघ मारली, वर ‘सूत्र कुठे आहे?’ असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी. हातात कालची बाटली. “मॅडमजी, एकदा ही बघता?”

“काय बघायचंय त्यात? दरवर्षीचीच आहे.”

“आमच्या घरी कापडावर छापे मारतात. बापू म्हणतात, रंग मापायच्या आधी तो किती घट्ट आहे ते बघ. म्हणून मी आधी बाटली वाचली.”

मी चष्मा चढवला. अगं बाई! दरवर्षीच्या सिरपमध्ये पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असतं. हे सिरप नव्हतंच, अगदी तान्ह्या बाळांचे थेंब होते. एका मिलीत १००. स्टोअरमध्ये सिरप संपलं होतं म्हणून त्यांनी हे पाठवलं, आणि मी न वाचता टेबलांवर मांडलं. उत्तरंही जुन्याच कागदावरून तपासली. पाच मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, चौपटीच्याही वर! मी खुर्चीत बसले, ती बिचारी माझ्यासाठी पाणी आणायला धावली.

तिचं पान मी तिच्यासमोर दुरुस्त केलं आणि माफी मागितली. सूत्र नव्हतंच त्यावर. एका मिलीत शंभर, वरच्या वीसला पॉइंट दोन, असं सरळ घरगुती गणित.

तशीच वर्गात गेले. वॉर्डाची यादी फाडली आणि नवीन यादीत तिचं एकटीचं नाव लिहिलं. गलका झाला. मी ओरडले, “लाज नाही वाटत? बाळाला औषध पाजायला निघालात आणि एकीनेही बाटली वाचली नाही?”

मग पहिल्या बाकावरची, माझी सगळ्यात लाडकी, सूत्र न अडखळता म्हणणारी मुलगी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“वाचली होती, मॅडमजी. माझंही एक पॉइंट दोनच येत होतं. पण सरावात तुमचं उत्तर नेहमी पाच असतं, म्हणून मी खोडलं.”

मी तिचं पान काढून पाहिलं. ५ च्या खाली खोडलेलं १.२ स्पष्ट दिसत होतं. आणखी सात पानांवर तसंच होतं.