शिवकांताला विचारायला आलेली माणसं

दिंद्रुडच्या अलीकडच्या एका गावात शिवकांताचं किराणा दुकान आहे. नवरा शिवलिंगप्पा वारल्यापासून ती एकटीच ते चालवते. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि माल घेणाऱ्यांपेक्षा विचारायला येणारेच वाढले. सगळ्यांचं विचारणं एकच: उमेदवार ऋतुजानं काही वर्षांमागं गावातलं दारूचं दुकान खरंच बंद केलं होतं का?

ऋतुजाची सगळी ओळख त्यावरच उभी होती. बायकांना एकत्र करून, मतदान घेऊन बाटली आडवी करणारी पोर, असं फलकाफलकावर लिहिलेलं. आणि त्या वेळी तिच्यासोबत घरोघर हिंडलेली बाई म्हणजे शिवकांता.

आधी विरोधी उमेदवाराचा माणूस बद्रीनाथ आला. पोरगी फक्त फोटोपुरती आली होती, एवढं त्याला ऐकायचं होतं. शिवकांता म्हणाली, तसं न्हाई. पोरगी महिनोन्‌महिने येत होती. चुलीपुढं बसून बोलायची, पुरुषांच्या शिव्या खायची. ती नसती तर बायका मतदानाला बाहेरच पडल्या नसत्या. बद्रीनाथ तोंड वाकडं करून गेला.

मग बीडहून एक पत्रकार आला. त्याला तिनं हे सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. दारूचं दुकान बंद झालं तसं, मतदानाला गेली म्हणून गावातल्या छबुबाईला तिच्या नवऱ्यानं मारलं, हात मोडला. शिवकांता ऋतुजाला फोन लावत राहिली. तिनं उचलला नाही आणि त्यानंतर गावात पाऊलही टाकलं नाही. दवाखान्यात छबुबाईजवळ शिवकांताच बसली.

पेपरात फक्त छबुबाईचं आणि न उचललेल्या फोनचं छापून आलं. शिवकांता फुटली, असं ऋतुजाची माणसं म्हणू लागली. काही घरांनी किराणा दुसरीकडून भरला. बद्रीनाथ मात्र येता-जाता तिला 'आमच्या मावशी' म्हणायला लागला. तिला दोन्हींचा सारखाच वीट आला.

प्रचार संपत आला तेव्हा एका दुपारी ऋतुजा आली, गाडी लांब उभी करून, एकटीच. तांदळाच्या पोत्यावर बसून राहिली.

"मावशी, तुमी असं कावून सांगितलं?"

"झालं ते सांगितलं. तू फोन कावून उचलला न्हाई?"

"भ्याले होते. दारूवाल्याची माणसं घरी येऊन बाबांना दम देऊन गेलती."

शिवकांताला इतकी वर्षं वाटत होतं, की काम झालं, पोरीला आपली गरज उरली नाही. भीतीचा विचार तिनं केलाच नव्हता. तिला राग धरवेना आणि सोडवेनाही.

"हे सभेत सांग," ती म्हणाली. "पण आदी छबुबाईकडं जा."

ऋतुजा छबुबाईकडं गेली. बराच वेळ बसली, रडली. सभेत मात्र ती त्यातलं एक अक्षर बोलली नाही.

मतदानाच्या दिवशी शिवकांता छबुबाईला बोलवायला गेली. छबुबाई म्हणाली, "तू जा. माझ्यानं न्हाई व्हायचं." शिवकांतानं आग्रह केला नाही. रांगेत उभी राहून तिनं मत ऋतुजालाच दिलं, कारण दुसऱ्या उमेदवारानं आजवर कुणाच्या दारात पाय ठेवला नव्हता.

ऋतुजा निवडून आली. गुलाल उधळत मिरवणूक दुकानासमोरून गेली, तेव्हा शिवकांता गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होती. कुणीतरी तिला गाडीवर चढायला बोलावलं. तिनं मानेनंच नको म्हटलं, साखरेची पुडी बांधली आणि अर्धं शटर खाली ओढून आत जरा आडवी झाली.