आबांचा पाण्याचा प्रश्न

लोक वाईट बातमीला घाबरतात. आमचे आबा चांगल्या आकड्यांना घाबरायचे. आणि घाबरले की प्रमाण मराठी सोडून सरळ अहिराणीवर यायचे. धुळ्याच्या आमच्या कचेरीत ते संशोधक होते. औषधानं रोग्याला खरंच किती आराम पडतो, त्यावरचा खर्च सार्थकी लागतो का, हे आकड्यांतून शोधायचं त्यांचं काम. गावाकडचं घर भडगावला, माणूस एकटा, डब्यात रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

तेव्हा सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. निम्म्या रोग्यांना जुनी गोळी, निम्म्यांना नवी. कुणाला कोणती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं न् मलाही. मी साक्रीकडच्या गावांत घरोघर तब्येत विचारून फॉर्म भरायचे. गठ्ठा आबांपुढे ठेवला, तेव्हा मला शाबासकीची आशा होती. त्यांनी पानं उलटली आणि चष्मा काढला.

"बठ्ठा बरा शेतस? मंग औषध कोनले देवानं?"

सगळेच बरे, तर औषध द्यायचं कुणाला? झालं, मला वाटलं, गेली नोकरी. शप्पथ सांगते, एकही फॉर्म मी घरी बसून भरला नव्हता. आबांची भीती मात्र वेगळीच होती, ती त्यांनी सावरून सांगितली. "नवी गोळी चांगली असली, तरी या कागदांवर दोन्ही सारख्याच दिसतील. चांगलं औषध वाया जाईल, बाई."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर साक्रीच्या एसटीत बसले. एका अक्कांच्या ओट्यावर मी विचारलं, "तब्येत कशी शे, अक्का?"

"बठ्ठं बरं शे, माय."

आल्या माणसापुढे आपलं दुखणं उगाळत बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मीही त्यातच वाढलेली, त्यामुळे मला काही खटकलंच नव्हतं. आबांनी हळूच विचारलं, "पानी कोन भरस?"

अक्का पदराशी चाळा करत राहिल्या. "सून भरस. माले आते हंडा उचलता येत नही."

जुने फॉर्म बदलायला आबांनी साफ नकार दिला. "लोकांनी सांगितलं ते तसंच राहील. चूक आपली, ती अहवालात आपणच लिहायची." रीतसर परवानगी काढून पुढच्या फेरीपासून त्यांनी पाण्याचा प्रश्न वाढवला. निकाल हाती येईपर्यंत त्यांना धड जेवण गेलं नाही. नव्या गोळीचा फरक शेवटी दिसला. थोडाच, पण दिसला.

निवृत्तीनंतर आबा भडगावला गेले. दर रविवारी मी फोन करते, कसे आहात विचारते. "ठीक आहे, बाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गेले तीन रविवार मात्र ते बारीक आवाजात नुसतं "बरा शे" म्हणत होते, आणि मी मूर्खासारखी ते खरं धरून फोन ठेवत होते. या आठवड्यात मात्र ते "शे" आठवलं आणि जिवाला घोर लागला. या रविवारी राहवलं नाही.

"आबा, पाणी कोण भरतं?"

आबा म्हणाले, "भडगावनी पहिली एसटी किती वाजता शे, माहीत शे ना तुले?"