गौरीच्या खुर्चीत मी

माझ्या मुलीच्या व्हीलचेअरचा आजवर एकच अपघात झाला आहे, आणि त्या वेळी खुर्चीत मी बसलो होतो.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेत गोडादऱ्याला राहतो. मी लूमच्या कारखान्यात फिटर आहे, आणि इथं यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला मास्तर म्हणतात, म्हणून गल्लीतही मी मास्तरच. गौरी माझी नऊ वर्षांची लेक. तिची नवी खुर्ची आली, तेव्हा थेरपीच्या ताई एकेक गोष्ट समजावून सांगत होत्या. थांबलात की दोन्ही ब्रेक लावायचे. आधी पट्टा, मग पाय पायपाटीवर. उतारावरून उतरताना खुर्ची पाठमोरी धरायची आणि आपण खालच्या बाजूला राहायचं. गौरी लक्ष देऊन ऐकत होती. मी मान हलवत होतो.

"ओट्याला उतार करा," ताई म्हणाल्या. "एक फूट उंचीला बारा फूट लांबी ठेवा."

"मॅडम, मी फिटर आहे," मी म्हणालो. (हे उत्तर का दिलं, ते मला आजही सांगता येणार नाही.)

आमचा ओटा फूटभर उंच. सरळ बारा फूट धरले तर उतार समोरच्या जशुबेनच्या घरात जातो. मी चार फुटांची फळी ठोकली आणि मोकळा झालो.

सोमवारी गौरी पहिल्यांदा स्वतःच्या खुर्चीतून शाळेत जाणार होती. रविवारी सकाळी मी खुर्ची उताराच्या तोंडाशी आणली. गौरी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती.

"आधी रिकामी सोडून बघा," बायको म्हणाली.

"रिकामीनं काय कळणार? वजन पाहिजे," असं म्हणून मी पोट आत घेतलं आणि खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे रुतलो.

"पप्पा, ब्रेक लावा."

"लावलाय."

"एकच लावलाय."

दुसरा लावायला मी हात खाली घातला. पोटाआड काही दिसत नव्हतं. हाताला जो दांडा लागला तो ओढला. तो लावलेल्या ब्रेकचाच होता; तोही सुटला.

फळीवरून खुर्ची सुटली ती थेट गल्लीपार. समोर जशुबेन साड्यांना टिकल्या लावत बसल्या होत्या. त्या चपळाईनं उठल्या, साड्यांचा ढीग राहिला. पुढची चाकं गटाराच्या कडेला अडकली, खुर्ची उपडी झाली आणि मी तोंडावर साड्यांत पडलो. खुर्ची मात्र मला सोडेना. ती पाठीवर तशीच, कासवाच्या ढालीसारखी.

"मास्तर, साडी बगडी जशे," जशुबेन म्हणाल्या. त्यांना काळजी साडी खराब होण्याची.

"लागनं का?" बायको धावत आली. घाबरली की ती अहिराणीत बोलते.

दोघांनी खुर्ची ओढली, दोघांनी मला ओढलं. अख्खी गल्ली हसत होती. मीही हसत, केसांतल्या टिकल्या काढत ओट्यापाशी आलो. गौरी हसत नव्हती.

"पप्पा, मी बसले असते तर पट्टा लावला असता का तुम्ही?"

पट्टा नावाची वस्तू असते, हे मला तेव्हा आठवलं. गुडघा फुटला होता, पण लागलं ते हे. खरचटलेल्या हातानंच ताईंना फोन केला.

"भिंतीलगत जागा आहे ना? मग उतार आडवा काढा," त्या म्हणाल्या. एवढंच होतं. संध्याकाळपर्यंत भिंतीच्या कडेनं बारा फूट उतार उभा राहिला, कठड्यासकट. सोमवारी पट्टा लावून, खुर्ची पाठमोरी धरून मी गौरीला पावलापावलानं खाली उतरवलं. ती शाळेत गेली, हातांनी चाकं फिरवत, मागे न बघता.

तेव्हापासून निघण्याआधी ती रोज माझी तोंडी परीक्षा घेते. काल मी पायपाटी विसरलो. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "आज मला मम्मी नेईल. तुमची उद्या परत घेते."

तोवर मला खुर्ची फक्त पुसायची परवानगी आहे.