बर्लिनच्या कोटाची शेवटची दुमड

"तुझी आई शिवते ना? माझ्या आजीला एकदा समजावून बघेल का?" ऑफिसातल्या मेव्हनं विचारलं, आणि आमची कॅसलबारची सहल ठरली.

मेव्हची आजी रूथ लहानपणी बर्लिनहून इथे आयर्लंडमध्ये, कॅसलबारला आली तेव्हाचा तिचा कोट घरातल्या तीन पिढ्यांच्या मुलींनी घातलाय. आता मेव्हच्या उंच लेकीला तो हवा होता, पण आखूड पडत होता. खाली एक दुमड शिल्लक होती, आणि तीच रूथ कुणाला उसवू देत नव्हती.

माझी आई इचलकरंजीची लेडीज टेलर. तीन महिन्यांसाठी आली आणि लॉकडाऊनमुळे दीड वर्ष आमच्याकडे एनिसला अडकली. जुलैअखेरचं परतीचं तिकीट हातात होतं. नातीचे, म्हणजे ईराचे, फ्रॉक शिवताना ती खाली दोन बोटं जादा दुमडते, आणि मी तिला चिडवते, "आई, इथे दुकानं आहेत."

कधी जाणार असाल तर एनिसहून ट्यूअमपर्यंत मोटरवे घ्या, टोल नाही. पुढे क्लेअरमॉरिसवरून साधा रस्ता आहे. ट्रॅक्टरमागे अडकलात की घाई विसरायची. दोन तास पुरतात. हॉटेलात आत बसायला अजून बंदी होती, म्हणून फुटपाथवरच्या टेबलावर चावडर घेतलं. माशांचं हे दाट सूप आईनं एक चमचा चाखून माझ्याकडे सरकवलं. "मीठ हाय का यात?" तिनं डब्यातली धपाटी काढली. उन्हात कुरणं पेंगल्यासारखी पसरली होती. मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, "आजी, इट्स ग्रँड," आणि झोपून गेली.

रूथचं घर कॅसलबारच्या तळ्याकाठी आहे. नव्वदी ओलांडलेली रूथ बागेत, अंतर राखून मांडलेल्या खुर्च्यांपाशी वाट पाहत होती. मांडीवर करडा कोट. पाणी इतकं शांत होतं की आम्हीही हळू आवाजात बोलू लागलो.

बर्लिनमध्ये तयार कपड्यांचा धंदा वाढवला तो मुख्यतः ज्यू व्यापाऱ्यांनी आणि शिंप्यांनी. हाउसफोग्टायप्लाट्झ नावाच्या चौकाभोवती त्यांच्या पेढ्या होत्या, आणि तिथले कोट परदेशी जात. रूथचे वडील त्यातल्याच एका पेढीचे कोट शिवत. नाझींनी सगळं हिसकावलं. तिच्या मामाला इथल्या, निर्वासितांनी उभारलेल्या हॅटच्या कारखान्यात काम मिळालं आणि तो तिला घेऊन निघाला.

"निघण्याआधी बाबांनी हा शिवला," रूथ म्हणाली. "आई म्हणाली, इतक्या दुमडी कशाला? तर म्हणाले, पोरगी वाढणारच ना. ते मागून येणार होते. त्यांना निघता आलं नाही."

दर हिवाळ्यात मामी एकेक दुमड सोडत गेली. त्या जुन्या घड्यांच्या रेषा अजून दिसतात. वाढत्या अंगाचे कपडे आम्हीही घातलेत, पण असा कोट मी पाहिला नव्हता.

"ही उसवली की त्यांच्या हातचे टाके संपले," रूथ म्हणाली.

मी आईला मराठीत सांगितलं. आई बराच वेळ त्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"तिला सांग, बापानं दुमड ठिवली ती उघडायसाठीच. तशीच राहिली तर त्याचं काम अर्धंच राहिलं न्हवं?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. रूथ तळ्याकडे पाहत बसली. नको म्हणाली तर गप उठायचं, असं मी ठरवलं होतं.

"गो ऑन, सो," ती शेवटी म्हणाली, म्हणजे करा तर मग.

आईनं कात्री तिच्याच हातात दिली. पहिला टाका रूथनं कापला, बाकीचे आईनं. दुमड खाली उतरली आणि करड्या कोटाला खाली गडद निळा पट्टा आला. उन्हाचा, पावसाचा स्पर्श न झालेला.

"निळा होता," रूथ म्हणाली. "मी विसरलेच होते." आणि ती रडली. आईनं सगळं अंतर विसरून तिचा हात धरला.

परतताना रात्री नऊला अजून उजेड होता.

जुलै सरता सरता आई गेली. पुन्हा कधी येता येईल, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. विमानतळावरून घरी येऊन ईराचं कपाट, इकडच्या भाषेत प्रेस, उघडलं, तर आईनं जाताजाता शिवलेला फ्रॉक समोरच होता. खालची कड उलटून पाहिली. एक दुमड, तिच्यावर दुसरी, मग आणखी एक.

इतक्या कशाला, हे मी फोनवर विचारलं नाही. ईराला फ्रॉक घालून उभं केलं. सध्या तरी अगदी बरोबर बसतोय.