तोंड वाकडं करायचं नाही

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या क्लिनिकमध्ये निम्मे पेशंट देशी. रेसिडेन्सी संपेपर्यंत मेडिसिन किती डोक्यात राहील माहीत नाही, किस्से मात्र पोत्याने जमलेत.

आमच्या सीनियर डॉ. कॅरल यांचा एकच नियम. पेशंट मध सांगो, मोहरी सांगो, मंत्र सांगो, ऐकताना तोंड वाकडं करायचं नाही. "केलंत की पुढचं ते सांगतच नाहीत." माझं निम्मं आयुष्य वैद्य असलेल्या मामाशी भांडण्यात गेलेलं. मला हे फारच जड गेलं.

*

निखिल माझ्याबरोबरचा रेसिडेंट. जन्म इथलाच, आई-वडील नागपूरचे. एकदा क्लिनिकमध्ये ॲक्युपंक्चरचा डेमो ठेवला होता. त्याआधीच त्याने जाहीर केलं, "इट्स ऑल प्लसीबो, यार. सगळा मनाचा खेळ." मग डेमोला त्यालाच बसवलं.

सुई नुसती जवळ आली आणि रोज लोकांना टोचणारा हा गडी खुर्चीवरून घसरला! तो शुद्धीवर आल्यावर कॅरल शांतपणे म्हणाल्या, "न टोचताच एवढा इफेक्ट?"

*

पाटणकर काकांना हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायची गोळी चालू होती. रिपोर्ट कधी वर, कधी खाली. एखाद्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला असता, आणि कारण सापडेना. "दुसरं काही औषध घेता?" असं सगळ्यांनी विचारून झालं. काका म्हणायचे, "छे."

शेवटी मी विचारलं, "काका, सकाळपासून पोटात काय काय जातं?"

"चहा, तुमची गोळी, हिचा काढा."

"मग औषध नाही म्हणालात ते?"

"अगं, काढा कुठे औषध असतं? तो घरचा."

काढा बंद करा म्हटल्यावर काकूंचा चेहरा पडला. ऑपरेशनपासून त्या पार घाबरून गेल्या होत्या, आणि नवऱ्यासाठी स्वतःच्या हाताने करण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मला वाईट वाटलं. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

*

पुढच्या व्हिजिटला काकांचे रिपोर्ट एकदम स्टेडी. नंतरचेही तसेच. कॅरल खूश. मी काकूंचे आभार मानले.

"आभार कसले? तू बंद कर म्हणालीस, मी दुप्पट केला. म्हणून तर फरक पडला!"

मी भाषांतर केलं. कॅरलच्या हातातलं पेन थांबलं. आम्ही दोघींनीही पुन्हा रिपोर्ट पाहिला.

काकू गाडी दाराशी आणायला गेल्या. काका हळूच माझ्याकडे वाकले.

"काळजी करू नकोस. बाल्कनीतल्या मोगऱ्याला फार मानवलाय तो."