तात्यांनी केलेली कॉपी

सुमतीकाकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटात तात्यांच्या शर्टांखाली डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली निघाली, आणि ती केदारने दिलेली नव्हती.

तात्या भिवंडीत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा डोळा आतून सुजून लालबुंद झाला, तेव्हा त्यांचाच विद्यार्थी केदार, आता डोळ्यांचा डॉक्टर, संशोधन करत होता. स्टिरॉइड न देता नुसत्या वेदनाशामक थेंबांनी ही सूज उतरते का, ते त्याला बघायचं होतं. तात्यांनी हौसेने नाव दिलं. अट एकच, दुसरं औषध घालायचं नाही. आणि हे महाशय दुकानातून स्टिरॉइड आणून चोरून घालत होते! काय म्हणावं या माणसाला?

"अहो, का?"

"केदारच्या थेंबांनी उतरेना गं. पोराचं संशोधन फसलं असतं."

"आणि आपल्या पोराचं काय केलंत? दहावीला कॉपीची चिठ्ठी सापडली म्हणून भर वर्गातून उठवलंत त्याला! वर्ष गेलं त्याचं. तेव्हा कुठे होती ही माया? लोका सांगे ब्रह्मज्ञान!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! चपला घाला आधी."

केदारच्या दवाखान्यात बाकावर बुधा बसला होता, जवळच्या पूर्णा गावच्या गोदामात माल उतरवणारा. त्याची पोरं तात्यांच्या हाताखाली शिकली होती.

"गुरुजी, तुमचा डोला बरा झाला ना, म्हनून मी पन ह्याच औषधात नाव दिलं," तो खुशीत म्हणाला. "माजा अजून ठनकतंय. त्या डोल्यानं निस्ता धूर दिसतंय. मदी तपासाया बोलवलं, आलो न्हाय. बोललो, गुरुजींना गुन आला, मला पन येल."

काकूंनी बाटली तात्यांच्या हातात कोंबली. "जा. आता तरी खरं बोला."

"या सर," ते आत जाताच केदार उठला. तात्या बसले नाहीत.

"केदार, मी कॉपी केली. माझा पेपर फाड."

केदारने बाटली पाहिली. "सर, असं का..."

"ते नंतर!" मागोमाग आत आलेल्या सुमतीकाकू कडाडल्या. "आधी बाहेरच्या बुधाचा डोळा बघ. ह्यांच्यावर भरवसा ठेवून बसलाय तो."

केदारने बुधाला आत घेतलं, त्याचा चांगला डोळा झाकला आणि विचारलं, "बोटं किती?"

बुधा वाट बघत राहिला. मग हसून म्हणाला, "सायेब, दाखवा ना."

केदारचा हात कधीचा त्याच्या समोर होता.